आपल्या रस्त्यासाठी बूट आणि सायकल : प्रस्तावना

सोयगावहून हळद्याकडे जाणारा रस्ता वेताळवाडीच्या किल्ल्याखाली वळणं घेऊ लागतो आणि तिथून अजिंठ्याच्या डोंगराचा खरा चढ सुरू होतो. दुसऱ्या बाजूला फर्दापूर आणि अजिंठा लेणी, खाली शेंदुर्णी-पाचोऱ्याकडे उतरत गेलेला खानदेशचा सपाट मुलूख. घाट हवा तर घाट, सलग सपाटी हवी तर सपाटी, पहाटे जवळजवळ मोकळे रस्ते. पळण्या-सायकलिंगच्या सरावासाठी याहून चांगली जागा शोधायला लांब जावं लागेल. इथे नाही ते एकच : चांगलं सामान दाखवणारं, मापून देणारं आणि बिघडल्यावर हातात घेणारं दुकान. त्यासाठी शंभरेक किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, किंवा मोबाइलवर फोटो बघून मागवावं लागतं. हे पुस्तक या एका अडचणीतून लिहिलं आहे. पोहणं, सायकल आणि पळणं या तिन्हींची शर्यत म्हणजे ट्रायथलॉन करण्याची ज्यांची इच्छा आहे, नोकरी-शेती-शिक्षण सांभाळून जे तयारी करणार आहेत आणि ज्यांच्या खिशात मोजके पैसे आहेत, त्यांनी बूट आणि सायकल कशी निवडावी, एवढाच याचा विषय.

शर्यतीची ओळख थोडक्यात. हवाई बेटांवर १९७८ साली पहिली आयर्नमॅन शर्यत झाली तेव्हा पंधरा जण सुरुवातीच्या रेषेवर होते, बारा जणांनी ती पूर्ण केली. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन ऑलिम्पिकमध्ये आली. आज पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर पळणं. त्याच्या बरोबर निम्म्या अंतराची शर्यत ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पहिल्यांदा झाली, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी हौशी मंडळींना ही गोष्ट एका रात्रीच्या प्रवासावर आली. पण सुरुवात तिथून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्प्रिंट नावाचं लहान अंतर असतं : ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. या पुस्तकातला प्रत्येक सल्ला हे अंतर डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे. ज्याला पुढे जायचं आहे त्याला यातलं फारसं काही टाकून द्यावं लागणार नाही.

पोहण्याबद्दल या पुस्तकात प्रकरण नाही. गॉगल आणि टोपी सोडली तर त्याला सामान लागत नाही. लागतो तो शिकवणारा माणूस. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली मुलं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनाही एवढं सांगतो की धरणात, कालव्यात किंवा पाझर तलावात सरावाला एकट्याने कधीही उतरू नका.

आपल्याकडे पहाटेच्या रस्त्यावर पळणारे बहुतेक जण पोलीस भरतीची तयारी करणारे असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्यांच्यात जिद्द आणि दम दोन्ही ठासून भरलेलं असतं. पण भरतीचं पळणं मैदानातलं, काही मिनिटांचं, जीव खाऊन केलेलं. ट्रायथलॉनचं पळणं डांबरावरचं, अर्ध्या तासाच्या वरचं, आणि तेही सायकलवरून उतरल्यावर जड झालेल्या पायांनी. भरतीच्या सरावातून आलेला मुलगा त्याच पातळ तळाच्या बुटांत महिनाभर डांबरावर दहा-दहा किलोमीटर पळतो आणि मग नडगी धरून बसतो. त्यात त्याची चूक नसते. त्याला हा फरक कुणी सांगितलेला नसतो.

‘आमच्या वेळी अनवाणीच पळायचे’ हे वाक्य या विषयात हमखास ऐकू येतं, आणि ते खोटं नाही. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना दोराबजी टाटांनी पुण्यातल्या स्पर्धेत पाहिलेले धावपटू बहुतेक शेतकरी होते, अनवाणी पळत होते आणि त्यांच्या वेळा पाहून टाटा थक्क झाले होते. भारताचे खेळाडू १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला जाण्यामागे हे पाहणं होतं. त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत संपवली आणि जगात एकोणिसावे आले. शंभर वर्षांपूर्वी. आज उत्तम बूट, घड्याळ आणि आहाराचा तक्ता असलेल्या हौशी धावपटूंपैकी फार थोडे ही वेळ गाठतात. अलीकडचं उदाहरण बारामतीच्या लता करे यांचं. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून त्या नऊवारीत, अनवाणी पायांनी मॅरेथॉन स्पर्धेतली ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत पळाल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. अभिनेते मिलिंद सोमण २०१५ साली झुरिकची आयर्नमॅन आणि २०१७ साली फ्लोरिडातली त्याहून मोठी अल्ट्रामॅन करून आले. अल्ट्रामॅनमधलं पळणं त्यांनी अनवाणी केलं.

या तिन्ही गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात, पण त्यांतून बूट नकोत असा निष्कर्ष काढला की मी थांबतो. शेतकरी धावपटूंचे पाय लहानपणापासून मातीत तयार झालेले होते. सोमणांनी ती सवय वर्षानुवर्षं अंगी बाणवली होती. आणि लता करे यांच्यापुढे निवड नव्हती, अडचण होती. त्यांच्या अडचणीचा सल्ला करून दुसऱ्याला देणं योग्य नाही. खरा बोध वेगळा आहे : दम, पाय आणि सातत्य आधी, सामान नंतर. सामानाचं काम एवढंच की त्याने सरावात खंड पडू देऊ नये.

खंड दोन कारणांनी पडतो. एक, शरीर दुखावतं. दोन, सायकल बंद पडते. शहरातल्या पुस्तकांत पहिल्या कारणावर भरपूर लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर जवळजवळ काहीच नसतं, कारण तिथे संध्याकाळी दुकानात टाकलेली सायकल सकाळी परत मिळते. आपल्याकडे एक सुटा भाग कुरिअरने यायला आठवडा जातो आणि तो बसवणारा माणूस मिळायला दुसरा. म्हणून माझा पहिला निकष किंमत, वजन किंवा कंपनी हा नाही. कुठलीही वस्तू घेण्याआधी विचारावं : हे बिघडलं तर इथे कोण दुरुस्त करेल? उत्तर ‘मी स्वतः’ किंवा ‘आपल्या गावचा मिस्त्री’ असं आलं तर घ्यावं. ‘संभाजीनगरला न्यावं लागेल’ असं आलं तर पहिली दोन वर्षं त्या वस्तूपासून लांब राहावं. सायकलीचं सगळं प्रकरण या प्रश्नाभोवती रचलं आहे.

उदाहरणार्थ ब्रेक. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक उत्तम लागतात यात वाद नाही. पण त्यात हवा शिरली तर ती काढायला ठरावीक तेल, ठरावीक नळी आणि जाणता हात लागतो. तारेवर चालणारा ब्रेक, मग तो डिस्कचा असो की रिमवर घासणारा, गावच्या दुकानातल्या तारेने अर्ध्या तासात पुन्हा उभा राहतो. तेच गिअरचं. सात किंवा आठ गिअरची मागची चक्री असेल तर चेन आणि चक्री तालुक्याच्या गावीही मिळण्याची शक्यता असते. अकरा-बारा गिअरवाल्या सायकलीची पातळ चेन तुटली की तीच हवी, दुसरी चालत नाही. फ्रेमबाबतही हेच. लोखंडी फ्रेमला तडा गेला तर वेल्डिंग होतं. अ‍ॅल्युमिनियमला वेगळं वेल्डिंग लागतं. कार्बनचा तडा तर वरून दिसतही नाही, म्हणून जुन्या बाजारातली स्वस्त कार्बन सायकल कितीही मोहात पाडो, ती घेऊ नका.

हलक्या सायकलीचं वेड आपल्याकडेही पोचलं आहे, तेव्हा थोडा हिशेब मांडतो. माणूस सत्तर किलोचा, सायकल आणि पाणी मिळून पंधरा किलो, एकूण पंच्याऐंशी. भरपूर जादा पैसे मोजून दोन किलो हलकी सायकल घेतली तर एकूण वजन सव्वादोन-अडीच टक्क्यांनी कमी झालं. वीस मिनिटांचा घाट असेल तर फायदा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. सपाटीवर तर वजनाचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. तिथे खरा विरोध वाऱ्याचा असतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट केला की वारा चौपट अडवतो. हा विरोध कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कोपर वाकवून अंग खाली घेणं आणि फडफडणारा सैल शर्ट न घालणं. या दोन्हींना पैसे पडत नाहीत.

सायकलीचं माप हा आपल्या बाजारातला सगळ्यात मोठा गोंधळ. दुकानदार ‘सव्वीस की एकोणतीस?’ असं विचारतो. ते चाकाचं माप झालं, माणसाचं नव्हे. आपल्याला हवं ते फ्रेमचं माप, आणि ते पायाच्या आतल्या बाजूच्या लांबीवरून ठरतं. ते कसं घ्यायचं, हे पुढे चित्रांसह दिलं आहे. सीटची उंची मात्र इथेच सांगतो, कारण आज घरात असलेल्या सायकलीलाही ती लागू आहे. भिंतीला हात टेकून सायकलवर बसा. एक पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. आता टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवा. गुडघ्यात आपोआप थोडा वाक येतो, तेवढाच हवा. आपल्याकडे बहुतेकांची सीट चार-पाच बोटं खाली असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत अशी सवय झालेली असते. अशा सीटवर दोन तास पायडल मारलं की गुडघ्याची वाटी पुढून दुखायला लागते आणि दोष सायकलीला दिला जातो. नवी सायकल घेण्याआधी पाना घेऊन सीट वर करून पाहा. कितीतरी जणांना नव्या सायकलीची गरजच उरत नाही.

टायरबद्दल माझं मत शर्यतीतल्या मंडळींना पटणार नाही, तरी ठाम आहे. आपल्या रस्त्यांवर २३ किंवा २५ मिलिमीटरचे अरुंद टायर घेऊ नयेत. २८ चांगले, फ्रेममध्ये बसत असतील तर ३२ आणखी चांगले. रुंद टायरमध्ये हवा कमी दाबाने भरता येते, खडीवर हात-मान कमी दुखतात आणि कडेच्या खड्ड्यात रिम वाचते. आणि आपल्याकडे सराटे आहेत. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला पसरणारी ही वेल ज्याने पाहिली नाही असा सोयगाव तालुक्यातला माणूस सापडणार नाही. तिचं फळ वाळलं की जमिनीवर कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो. दिवाळीच्या सुमाराला, कापूस वेचणीच्या दिवसांत, ट्रॅक्टर आणि भरलेली वाहनं वाढतात, सायकलवाला कडेला सरतो आणि कडेलाच सराटे असतात.

पंक्चर काढताना नवशिक्याची चूक ठरलेली असते : ट्यूब बदलतो, काटा तसाच राहतो. टायर रिमवरून उतरवल्यावर आतून बोटं हळूहळू पूर्ण फिरवा, घाई केली तर बोटालाच टोचेल. काट्याचं वरचं बोंड मोडून गेलेलं असतं आणि राहिलेलं टोक रबरात इतकं खोल बसलेलं असतं की बाहेरून दिसत नाही. ते चिमट्याने आतल्या बाजूला ओढून काढा, मगच नवी ट्यूब घाला. दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. शर्यतीच्या सायकलींच्या ट्यूबना बारीक, टोकाला स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि गावातल्या दुकानाचा पंप त्याला बसत नाही. बोटाच्या पेराएवढी एक पितळी टोपी मिळते. ती व्हॉल्व्हवर फिरवली की मोटरसायकलचा पंपही चालतो. सीटखालच्या पिशवीत दोन ट्यूब, दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप आणि ही टोपी नसेल तर फर्दापूरच्याही पुढे जाऊ नये.

बूट अडकवून धरणाऱ्या पायडलांचे खास बूट पहिल्या वर्षी नकोतच. साध्या पायडलवर पळण्याचेच बूट घालून सायकल चालवता येते, आणि शर्यतीत सायकल ठेवली की बूट न बदलता थेट पळायला लागता येतं. स्प्रिंट अंतरात त्याने वेळ वाचतो, आणि दुसऱ्या जोडाचे पैसेही.

ते वाचलेले पैसे पळण्याच्या बुटांत घालावेत. दहा किलोमीटर पळताना नऊ-दहा हजार पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या अडीच पटीच्या आसपास भार पायावर येतो. तो भार सहन करायचं काम पायाचं आणि बुटाच्या तळातल्या फोमचं. हा फोम पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर दबून जातो, वरचं कापड नवंकोरं दिसत असलं तरी. पायाची कमान पाहून बुटाचा प्रकार ठरवण्याची पद्धत अनेक वर्षं चालली, पण अमेरिकेच्या सैन्यातल्या हजारो प्रशिक्षणार्थींवर ती पडताळली गेली तेव्हा त्याने दुखापती कमी झालेल्या दिसल्या नाहीत. त्यामुळे ‘तुमचा पाय सपाट आहे, हाच महाग बूट घ्या’ असं सांगणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. घालून पाच मिनिटं पळून पाहा. पायाला बरा वाटतो तो बूट बहुधा बरा असतो. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. सरावाचे मोजे घालूनच पाहावं आणि सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी. काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यात पळणाऱ्यांनी जाळीदार वरच्या भागाचे बूट घ्यावेत, ते लवकर वाळतात. आणि ते कधीही उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळवू नयेत, तळ सुटतो.

कपड्यांबद्दल एक गोष्ट कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात सांगणं मला जड जातं, तरी सांगायला हवी : लांब अंतराला सुती बनियन नको. घाम आणि पावसाने ते जड होतं आणि काखेत, मांडीत, छातीवर घासून कातडं सोलून काढतं. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात पाच-सहा किलोमीटरसाठी मात्र ओलं सुती कापड अंगाला गारवा देतं, तेव्हा ते खुशाल वापरा. सायकलच्या गादीच्या चड्डीखाली आतली चड्डी घालत नाहीत. हे लाजेपोटी कुणी कुणाला सांगत नाही आणि शिवण टोचून फोड येतात. घासणाऱ्या जागी खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन पुरतं.

हेल्मेट हा या यादीतला एकमेव भाग आहे जिथे मी काटकसर ऐकून घेणार नाही. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर एकदाच काम करतो. तो चेपला जाऊन डोक्याचा मार आपल्यावर घेतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं, आणि जुनं वापरलेलं कुणाकडून घ्यायचं नाही. ट्रायथलॉनमध्ये हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरच्या सायकलीला हात लावता येत नाही, तसा नियमच आहे. सरावात तोच क्रम हाताला लावून घ्या. पहाटे अंधारात मागे लाल दिवा आणि अंगावर चमकणारं जाकीट घाला. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत करण्याच्या ब्रेव्हे नावाच्या सायकल उपक्रमात रात्रीसाठी ते सक्तीचं आहे. आपल्या घाटात ते दिवस उजाडेपर्यंत स्वतःवर सक्तीचं करावं.

जीपीएस घड्याळ, छातीचा पट्टा, पॉवर मीटर यांवर एक पान आहे, जास्त नाही. रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. पळताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग सरावाला योग्य आहे. पहिल्या वर्षी एवढं माप बास.

किमती पुस्तकात दिलेल्या नाहीत, त्या दर हंगामाला बदलतात. त्याऐवजी खर्चाचा क्रम दिला आहे : बूट, हेल्मेट, दिवे, टायर-ट्यूब आणि पंप, गादीची चड्डी, आणि मग उरलेल्या पैशांत सायकल. घरात चालू सायकल असेल तर शेवटची पायरी वर्षभर पुढे ढकलता येते.

शेवटचं प्रकरण मुलींच्या सामानाचं आहे, आणि ते लिहिताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. भरतीसाठी पळणाऱ्या मुली तालुक्यात वाढत आहेत. त्यांतल्या कितीतरी जणी भावाचे बूट पुढे कापूस कोंबून वापरतात. मुलींच्या पायाची ठेवण वेगळी असते, टाच अरुंद असते, आणि सैल टाचेच्या बुटात घोटा वळतो. स्पोर्ट्स ब्रा तर कुणी मागत नाही आणि कुणी आणून देत नाही. अमेरिकेत तीन जणींनी मिळून पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ साली बनवली, ती पळताना होणाऱ्या दुखण्याला कंटाळूनच. मुलगी ‘छातीत दुखतं’ म्हणून पळणं सोडते, तेव्हा तिला बुटांइतकीच या एका कपड्याची गरज असते. सायकलची सीटही बहुतेक वेळा पुरुषांच्या हाडांच्या अंतराची असते. थोडी रुंद सीट बदलून घेतली तर तासाभराचं दुखणं थांबतं, आणि ती बदलायला एक पाना पुरतो. हे प्रकरण मुलींसाठी लिहिलं आहे, पण ते आई-वडिलांनी आणि प्रशिक्षकांनीही वाचावं अशी माझी मनापासून विनंती आहे. मुलीला हे मागायला संकोच वाटतो आणि खरेदीचे पैसे मोठ्यांच्या हातात असतात. वाचून झाल्यावर पुस्तक तिच्या हातात द्यावं आणि पाचोऱ्याला किंवा संभाजीनगरला जायचा दिवस ठरवावा.